वावरातल्या गोट्यांचे दागिन्याचे खडे होतील का? कोणते घ्यायचे, कशानं कापायचे

धुऱ्यावरचा_गोटा

नमस्कार मंडळी. वावर दारव्हा तालुक्यात, अडाण नदीपासून दीड-दोन किलोमीटरवर. जमीन हलकी आहे. दरवर्षी वखरणी झाली की गोटे वर येतात, ते वेचून धुऱ्यावर टाकायचे हा नेम. आता ढीग कमरेएवढा झालाय. त्यात मला दिसणारे प्रकार असे :

– पांढरट-राखाडी, फोडल्यावर आत कांद्यासारखे पदर
– मातकट पिवळे-तपकिरी, उन्हात धरले तर कडेला मधासारखे दिसतात
– विटेच्या रंगाचे, अपारदर्शक, फुटले की धार येते
– काळा पाषाण, त्यात हिरवे-पांढरे ठिपके
– पांढरे-गुलाबी, चमकदार, नखानं नाही पण चाकूनं खरवडले जातात

यातले कोणते अंगठीत किंवा पदकात टिकतील? घरी सिंगल फेज लाइन आहे आणि तीही दिवसाआड गायब असते. मशीनवर पंधरा-वीस हजारांच्या वर जायचं नाही. तालुक्याचा सोनार चांदीत बसवून द्यायला तयार आहे, पण म्हणतो, "खडा बरोबर बसेल असा घासून आणा." म्हणजे नेमका कसा, ते तो सांगत नाही.

अजून एक. तुमसरकडच्या नातेवाइकांच्या शेतात तपकिरी-काळा, हातात घेतला की अंदाजापेक्षा जड लागणारा दगड आहे. त्याचंही सांगा.

---

खडकवाचक

भाऊ, मशीनचं नंतर बघू. आधी ढिगातला नव्वद टक्के माल बाजूला काढा, कारण मशीन आणि पाती यांचा खरा खर्च वाईट दगडावरच होतो.

तुमचा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे हे लाव्ह्याचे थर. लाव्हा निवताना वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत पाण्यानं सिलिका आणून बसवली की अकीक झाला, आणि झिओलाइट किंवा कॅल्साइट बसला की तुमचे ते पांढरे-गुलाबी चमकदार गोटे झाले. भोवतीचा पाषाण कुजून माती होतो, सिलिका कुजत नाही, म्हणून वखराला अकीकच लागतो. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात जाडच्या जाड गाळ आहे, तिथं वावरात असे गोटे सापडत नाहीत. उगाच तिकडे फिरू नका.

पदरवाला, मधासारखा आणि विटकरी हे तिन्ही क्वार्ट्झच्या (गारगोटीच्या) घराण्यातले, कठीणपणा (१ ते १० च्या मोह्स मोजपट्टीवर) ७ च्या आसपास. पदरांचा तो अकीक. पिवळा-मधाळ हाही अकीकच, त्यात लोखंडाचा गंज आहे. विटकरी अपारदर्शक तो जॅस्पर. अंगठीला हे तीनच घ्या. हवेतल्या धुळीत क्वार्ट्झचे बारीक कण असतातच. त्यामुळे ७ पेक्षा मऊ खडा अंगठीत दोन-तीन वर्षांत मंद पडतो, गळ्यात किंवा कानात तोच चालून जातो.

चाकूनं खरवडला जाणारा झिओलाइट किंवा कॅल्साइट. स्टिलबाइट, ह्यूलँडाइट ३.५ ते ४, ॲपोफिलाइट ४.५ ते ५. ॲपोफिलाइटचा स्फटिक दिसायला काचेसारखा झगमगतो, पण एका दिशेला पत्त्यांच्या कॅटसारखा सुटतो, घासायला घेतला की हमखास. त्याला सान (घासायची चकती) लावू नका. चांगला स्फटिक अखंड मिळाला तर तसाच जपा, त्यातच त्याची किंमत आहे.

ठिपक्यांचा काळा पाषाण दिसतो छान, घासताना रडवतो. पाषाण ६ च्या आसपास, पांढरे ठिपके ४, हिरवे त्याहून मऊ. पॉलिश होईपर्यंत ठिपक्यांच्या जागी खड्डे पडलेले असतात.

रंगावर जाऊ नका, वजन करा. सोनाराकडचा किंवा ऑनलाइन मिळणारा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा पुरे. गोटा कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. गोटा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला आणि काठाला टेकणार नाही असा लटकवून धरा. आता काटा जो आकडा दाखवेल त्यानं कोरड्या वजनाला भागायचं. २.६ च्या आसपास आलं तर अकीक-जॅस्पर, २.७ कॅल्साइट, २.९ ते ३ पाषाण, २.१ ते २.२ झिओलाइट. गोट्याला बुडबुडे चिकटले तर आकडा फसवतो, म्हणून आधी भिजवून बोटानं पुसून घ्या. २.६ आणि २.७ मध्ये घोळ वाटला तर संडास साफ करायच्या ॲसिडचा एक थेंब टाका. फसफसला तर कॅल्साइट. हे उघड्यावर करा, आणि ब्लीचिंगच्या आसपासही नको.

आता भेगा. हे सगळ्यात महत्त्वाचं. गोटा रात्रभर पाण्यात ठेवा, काढून पुसा आणि सावलीत वाळताना बघत राहा. वरचा भाग वाळतो, भेगेतलं पाणी मागं राहतं आणि काळी रेघ दिसते. ज्या गोट्यावर अशी आरपार रेघ आहे तो परत धुऱ्यावर. वर्षानुवर्षं वावरात उघडे पडलेले गोटे उन्हा-पावसानं आतून तडकलेले असतात. नाल्याच्या रेतीतले बरे, कारण जे फुटणार होते ते वाटेत फुटून गेले. मात्र त्यांच्या अंगावर एकमेकांवर आपटून झालेल्या बारीक चंद्रकोरी असतात, त्या दोन-तीन मिलिमीटर आत जातात. तेवढी साल काढून टाकायची तयारी ठेवा. पांढरी, चिनीमातीसारखी मऊ साल असेल तर तीही गेलीच पाहिजे. ती पाणी पिते, पॉलिश घेत नाही.

---

सान_आणि_लाख

खडकवाचकांनी निवड सांगितली, मी घासण्याचं सांगतो. पण त्याआधी एक गोष्ट, ती वगळून पुढचं वाचू नका.

कोरडं कापायचं नाही. एक मिनिटसुद्धा नाही. अकीकाची धूळ म्हणजे शुद्ध सिलिका. ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही, आणि काम सोडल्यावरही वाढत राहू शकतो. गुजरातेतल्या खंबातच्या अकीक कारागिरांत हा आजार किती आहे हे सर्वांना माहीत आहे. लोक चार इंची हातातला मार्बल कटर घेऊन अंगणात सुरू होतात. तो मिनिटाला १२-१३ हजार फेरे फिरतो, पाण्याची सोय नाही, वीज आणि ओला हात एकत्र. दगड कापायला यापेक्षा वाईट यंत्र नाही. तोंडाला रुमाल बांधून काही होत नसतं. एन-९५ मास्क लावाच, पण तो पाण्याला पर्याय नव्हे. गाळ वाळला की परत धूळच होते, म्हणून जागा झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. घरातली लेकरं खेळतात तिथं हे काम नको.

तुमच्या बजेटात बसणारी मांडणी अशी. सात इंची पात्याची टेबलवाली टाइल्स कापायची मशीन, जिचं पातं खाली पाण्याच्या ट्रेमधून फिरतं. फेरे साधारण २९५० असतात. पातं अखंड कडेचं घ्या, खाचांचं नको. खाचांचं पातं काँक्रीटसाठी असतं, अकीकाच्या कडा फोडतं. घासायला पाव एचपीची १४४० फेऱ्यांची मोटार आणि तिच्यावर सहा इंची सपाट हिऱ्याच्या चकत्या, ८०, २२०, ६००, १२००, ३००० नंबरच्या (नंबर मोठा तितकी चकती बारीक). वरून थेंबथेंब पाणी, सलाईनची जुनी नळी यासाठी मस्त चालते. मोटार पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, वायरीला खाली झोळ द्या म्हणजे थेंब झोळावर गळतो आणि बोर्डापर्यंत जात नाही. लाइनवर ३० मिलीॲम्पिअरची आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग. गावाकडे अर्थिंग नावालाच असतं, ते आधी तपासून घ्या.

काप : गोल गोटा पात्याखाली लोळला की पातं अडकतं आणि गोटा तोंडावर येतो. हा सगळ्यात नेहमीचा अपघात. म्हणून गोटा आधी एका डब्यात प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये अर्धा बुडवून बसवा, एक दिवस वाळू द्या आणि तो ठोकळा धरून कापा. या मशीनवर काप जेमतेम तीन सेंटिमीटर खोल जातो, त्यामुळे मुठीपेक्षा मोठा गोटा घेऊच नका. पदर कोणत्या बाजूनं चांगले दिसतील ते गोटा ओला करून ठरवा. दगडाची चकती ६ मिलिमीटरची काढा. ४ ची काढली तर घुमटाला (खड्याच्या वरच्या गोलाईला) उंची उरत नाही. गोटा पात्यावर रेटायचा नाही, पातं खाईल तेवढंच द्यायचं. कापायचा वेग अचानक कमी झाला, पाणी असूनही वास यायला लागला, तर पात्याचे हिरे दगडाच्या पिठात झाकले गेलेत. साध्या रेताड विटेत चार-पाच काप मारा, पातं पुन्हा उघडतं.

दगडाच्या चकतीवर आकार आखायला पेन्सिल नको, ती पाण्यात जाते. ॲल्युमिनियमच्या तारेचं टोक घासून आखा, ती रेघ शेवटपर्यंत टिकते. रेघेच्या बाहेर दोन मिलिमीटर सोडून कोपरे कापा.

मग काडीवर चढवायचं. पेन्सिलीएवढी लाकडी काडी आणि लाख, तीच आपल्या पळसावरची, सोनाराकडे चपडी मिळते. नुसती लाख ठिसूळ पडते, म्हणून सीलची लाख निम्मी मिसळा. खडा आधी गरम करा. तव्यावर, मंद आचेवर, हात लावता येईल न येईल इतपत. थंड खड्यावर लाख चिकटल्यासारखी दिसते आणि ८० च्या चकतीवर पहिल्याच धक्क्याला सुटते. काम झाल्यावर काढायला जोर लावायचा नाही, फ्रीझरमध्ये पंधरा मिनिटं ठेवा, टिचकीनं निघते.

८० वर आकार : आधी बाहेरची रेघ, मग कडेपासून वर चढत घुमट. २२० वर ८० चे ओरखडे जाईपर्यंत, मग ६००, १२००, ३०००. पायरी बदलण्याआधी खडा कोरडा करून तिरप्या उजेडात बघा. ओल्या खड्यावर ओरखडे दिसत नाहीत, आणि २२० वर राहिलेला ओरखडा ३००० वर कधीच जात नाही, परत मागं यावं लागतं. दर पायरीला खडा, काडी, हात, नखं धुवायची. प्रत्येक पायरीला पाण्याचा मग आणि बादली वेगवेगळी ठेवा. ८० चा एक कण १२०० च्या चकतीवर गेला तर अर्ध्या तासाचं काम वाया.

शेवटचं पॉलिश फेल्ट (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) किंवा चामड्यावर सेरियम ऑक्साइडनं. एक भाग पूड, तीन-चार भाग पाणी. इथं वेग कमी पाहिजे, ४०० ते ७०० फेरे, नाहीतर सगळं भिंतीवर. फेल्ट किंचित सुकला की खड्याला ओढ लागते आणि नेमकी तेव्हाच चकाकी येते. त्याच क्षणी खडा गरमही होतो. बोटाला चटका लागण्याआधी उचला. जास्त तापला की अकीकात पांढऱ्या केसासारख्या भेगा पडतात, त्या पुन्हा भरत नाहीत. लाख मऊ होऊन खडा काडीवर हलायला लागला, तर समजा उशीरच झालाय.

---

पूर्वेकडचा

तुमसरचा दगड गोंडाइट असण्याची दाट शक्यता आहे. नागपूर-भंडारा-बालाघाट हा मँगनीजचा पट्टा आहे, सौसर गटाच्या खडकांचा. गोंड लोकांवरून या खडकाला फर्मर या भूवैज्ञानिकानं गोंडाइट हे नाव दिलं, त्याचा मँगनीजवरचा मोठा ग्रंथ १९०९ चा. म्हणजे आपल्या मातीवरून जगभरच्या पुस्तकांत गेलेलं नाव आहे हे. आत मुख्यतः क्वार्ट्झ आणि स्पेसार्टीन नावाचा मँगनीजचा गार्नेट. दोन्ही ७ च्या आसपास, त्यामुळे सारखे घासले जातात आणि पॉलिश देखणं येतं, मधाळ-तपकिरी दाणे पांढऱ्यात.

अडचण काळ्या भागाची. मँगनीजचे ऑक्साइड काही कठीण, काही इतके मऊ की बोटाला काळं लागतं. काळं बोटाला लागत असेल तर तो तुकडा सोडा. ते शिरांतून बाहेर येऊन फेल्ट काळं करतं आणि त्या जागी खड्यावर चर पडतो. कागदावर घासून बघा, रेघ उठली तर नको.

गुलाबी रंग, त्यावर काळ्या शिरा असा तुकडा मिळाला तर ऱ्होडोनाइट. ५.५ ते ६.५, दोन दिशांना फुटतो, म्हणून ८० नंबर वापरू नका, २२० पासून सुरू करा आणि हलका हात ठेवा. पदकाला उत्तम. उघड्यावर पडलेला बाहेरून काळा होतो, त्यामुळे रस्त्याकडेचा काळा धोंडा आतून गुलाबी निघू शकतो.

या दगडांचा गाळ हाताला लागू देऊ नका आणि धूळ तर मुळीच नको. मँगनीज मेंदूच्या नसांना घातक आहे. सिलिकेच्या वर ही आणखी एक भर.

गडचिरोलीकडचा लोखंडाचा पट्टेदार दगड, लाल जॅस्पर आणि करड्या हेमेटाइटचे पट्टे, हाही दागिन्यात फार शोभतो. पण तो सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या फेल्टवर. त्याचा गाळ कुंकवासारखा लाल असतो, नंतर त्याच फेल्टवर पांढरा अकीक घेतला तर भेगाभेगांत लाल भरून बसतं.

---

सातबारा

थोडं कायद्याचं, कारण कुणी बोलत नाही. १० फेब्रुवारी २०१५ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं अकीक आणि जॅस्पर गौण खनिजांत आले. जमीन तुमची असली तरी खनिजावर हक्क राज्याचा, जमीन महसूल संहितेचं कलम ४८ वाचा. वखराला लागलेले गोटे धुऱ्यावर टाकणं, त्यातले दहा-वीस घासणं हे एक. जेसीबी लावून खणणं, ट्रॅक्टर भरून विकणं हे दुसरं, त्याला तहसील किंवा जिल्हा खनिकर्म कार्यालयाची परवानगी लागते. खाणीच्या ढिगाऱ्यावरून उचललेला दगड हा खाणवाल्याचा. जंगलातला दगड १९२७ च्या वन कायद्यानुसार वनउपज, मग तो नाल्यात का असेना. गडचिरोलीच्या नादात हे विसरू नका.

आणि लोणार पूर्णपणे वर्ज्य. तिथं अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा). "लोणारचा उल्का-खडा" म्हणून ऑनलाइन जे विकतात ते खरं असेल तर गुन्हा, खोटं असेल तर फसवणूक.

पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या) टेकाडावर मणी सापडले तर तेही तसेच राहू द्या. नागपूरजवळ माहुरझरीला अकीक, कार्नेलियन (लाल अकीक), जॅस्परचे मणी घडवण्याचा प्राचीन उद्योग होता, हे उत्खननात सापडलेल्या मण्यांवरून कळलं. जागेवरून उचललेला मणी काहीच सांगत नाही.

---

धुऱ्यावरचा_गोटा

राजेहो, काटा आणला, मोजलं. वजन ग्रॅममध्ये :

पदरवाला : कोरडा ४१.२, पाण्यातला आकडा १५.८, म्हणजे २.६१.
ठिपक्यांचा काळा : ६३.५ आणि २१.९, म्हणजे २.९०.
पांढरा-गुलाबी : २२.४ आणि १०.२, म्हणजे २.२०.
तुमसरचा : ५७.० आणि १६.५, म्हणजे ३.४५. बोटाला काळं लागत नाही.

तुम्ही म्हणाले तसंच निघालं. आता दोन प्रश्न. मशीन घेईपर्यंत ड्रममध्ये फिरवून गोटे गुळगुळीत करता येतील का? आणि पिवळा अकीक भाजला की लाल होतो असं ऐकलं, खरं का?

---

खडकवाचक

३.४५ म्हणजे गोंडाइटच धरा. क्वार्ट्झ २.६५, स्पेसार्टीन ४.२ च्या जरा आत. तुमचा आकडा दोन्हीच्या बरोबर मधोमध, म्हणजे ढोबळमानानं निम्मा गार्नेट. काळा ऑक्साइड आत असेल तर हिशोब थोडा चुकतो, पण घासायला हरकत नाही.

ड्रमबद्दल : होतं, पण वेळ लागतो. दीड किलोचा रबरी ड्रम, दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भरायचा, पाणी गोट्यांच्या वरच्या थराच्या जरा खाली. एक किलो गोट्यांना १०० ग्रॅमच्या आसपास सिलिकॉन कार्बाइडची घासायची पूड. पहिला टप्पा ६०/९० चा, दुसरा १२०/२२० चा, तिसरा ५०० चा, चौथा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा. प्रत्येकी सात दिवस म्हणतात, पण आपल्याकडे लाइट जाते, म्हणून दिवस मोजू नका, चालू तास मोजा, १६८. बंद पडलेल्या ड्रममध्ये गाळ खाली बसून घट्ट होतो. लाइट आल्यावर हातानं चार फेरे देऊन मगच मोटार लावा, नाहीतर पट्टा घसरतो. रोज एकदा झाकण उघडून आतला वायू सोडा.

एका ड्रममध्ये एकाच कठीणपणाचे गोटे. अकीकासोबत ठिपक्यांचा पाषाण टाकला तर अकीक त्याला खाऊन टाकतो आणि स्वतः खडबडीतच राहतो. पहिल्या टप्प्याची घाई करू नका. ज्याच्यावर अजून खड्डा आहे तो परत पहिल्यातच. गाळ मोरीत ओतला तर पाइपमध्ये सिमेंटसारखा बसतो, खड्ड्यात ओता आणि मातीनं झाका.

ड्रममधून निघालेला गोटा मात्र कोंदणात बसत नाही, त्याला ठरलेला आकार नसतो. तो तारेत गुंफायला किंवा भोक पाडून लोलक करायला.

---

सान_आणि_लाख

ड्रमवर माझं मत थोडं वेगळं. महिनाभर मोटार फिरवून शंभर गोटे निघतात, त्यातले लोकांना हवे असतात दहा. त्यापेक्षा पाण्यात चालणारा सिलिकॉन कार्बाइड पेपर १२० पासून २००० पर्यंत आणि रबराचा ठोकळा घेऊन एक जॅस्पर हातानं घासून बघा. हात दुखेल, तीन-चार संध्याकाळी जातील, पण कोणत्या पायरीला काय बिघडतं ते बोटांना कळेल. मशीनवर तीच चूक दहापट वेगानं होते.

भाजण्याचं खरं आहे. पिवळा रंग पाणी धरून बसलेल्या लोहखनिजाचा, गोएथाइटचा. ते पाणी उष्णतेनं गेलं की हेमेटाइट होतो आणि रंग लाल. ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास हे घडतं. खंबातला कार्नेलियन असाच होतो. आधी दोन-तीन महिने कडक उन्हात, मग मातीच्या मडक्यात घालून गोवऱ्यांच्या मंद आगीत. आपल्याला मार्च ते मेचं ऊन फुकट मिळतं, एवढ्या बाबतीत विदर्भ नशीबवान. गोटे टिनाच्या पत्र्यावर पसरा, दर आठवड्याला उलटा. मग मडक्यात तळाला राख, त्यावर एकमेकांना न लागता गोटे, वर पुन्हा राख, झाकण. भोवती गोवऱ्या, संध्याकाळी पेटवा आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हात लावू नका. बिघडतं ते दोन ठिकाणी : न वाळलेला गोटा तापवला की आतल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो, आणि गरम मडकं उघडलं की हवेच्या झटक्यानं तडकतो. आधी एक-दोन फालतू तुकडे घालून बघा. ज्यात लोखंड नाही तो राखाडी अकीक कितीही भाजला तरी लाल होत नाही, पांढरट आणि ठिसूळ होतो. पोकळ गोटे तर मुळीच घालू नका, बॉम्बसारखे फुटतात.

विकताना "भाजलेला" म्हणून सांगा. बाजारातला बहुतेक लाल अकीक भाजलेलाच असतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. काळा ओनिक्स मात्र साखरेच्या पाकात मुरवून तीव्र गंधकाम्लात जाळतात, त्याच्या वाटेला घरी जाऊ नका.

---

कोंदणकाम

सोनार काय म्हणतोय ते सांगतो. त्याला तीन गोष्टी हव्यात.

एक, ठरलेलं माप. १८ × १३ किंवा २५ × १८ मिलिमीटरचा लंबगोल. मापाचा प्लास्टिक साचा मिळतो, त्यातून आखा. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी त्याला कोंदणाची पट्टी नव्यानं वळवावी लागते.

दोन, तळ सपाट. काचेवर ठेवून बोटानं दाबा, डुगडुगला तर ६०० च्या चकतीवर तळ परत घासा. तळाच्या कडेला अर्ध्या मिलिमीटरची तिरपी धार मारा. कोंदणाच्या आतल्या कोपऱ्यात डाक (सांधायचा धातू) थोडा उरलेला असतो, धारदार कड त्याच्यावर चढून बसते आणि पट्टी दाबताना खडा तिथूनच फुटतो. निम्मे खडे असेच मोडतात आणि दोष सोनाराला जातो.

तीन, कड उभी नको, आत कललेली हवी, १० ते १५ अंश. उभ्या कडेवर पट्टी दाबली तर पकडायला काही नाही, खडा वर निसटतो. फार कललेली असली तर पट्टी दुमडून सुरकुत्या पडतात. १८ × १३ च्या खड्याची एकूण उंची ५ ते ६ मिलिमीटर ठेवा. कड पातळ चाकूसारखी सोडू नका, किमान दीड मिलिमीटर उंचीची ही कललेली कड राहिली पाहिजे, मग घुमट.

डाक, तुरटीचं किंवा गंधकाम्लाचं पाणी, घासकाम हे सगळं झाल्यावरच खडा बसवायचा. सोनार कधी कधी घाईत बसवलेल्या खड्यासकट कडी जोडतो. अकीक त्या ज्वाळेत तडकतो, लापिससारखा (निळा राजावर्त) दगड तर आम्लातच खराब होतो, कारण लापिस हा काही एकच खनिज नाही, त्यात कॅल्साइट मिसळलेला असतो.

लोलकाला भोक : १ मिलिमीटरचं हिऱ्याचं ड्रिल, खडा पाण्याच्या वाटीत बुडालेला, दर तीन-चार सेकंदांनी ड्रिल वर उचलायचं म्हणजे पीठ बाहेर येतं. अर्ध्यापर्यंत एका बाजूनं, उरलेलं दुसरीकडून. एकाच बाजूनं आरपार गेलात तर बाहेर पडताना पापुद्रा उडतो.

---

धुऱ्यावरचा_गोटा

तळाची तिरपी धार हे कुणीच सांगितलं नव्हतं. एक शेवटचं, बाप्पा. ज्या चकतीवर पदर कडेला फार सुंदर आहेत, पण मध्ये एक केसभर भेग आहे, ती टाकायची की वाचते?

---

सान_आणि_लाख

भेग आरपार असेल तर चकती भेगेवरच दोन तुकडे करा आणि कानातल्याची जोडी काढा. एकाच चकतीचे असल्यानं पदर आपोआप जुळतात. आरपार नसेल तर चकती वाळवून, कोमट करून पातळ इपॉक्सी भेगेत मुरवा, २४ तास राहू द्या, मग घासा. अंगठीत नको, पदकात चालेल, आणि घेणाऱ्याला तसं सांगा. तुकडे करताना पातं भेगेला समांतर येऊ द्या, आडवं गेलं तर चौथा तुकडा ट्रेमध्ये शोधावा लागतो.